अख्खी तबकडी एका फाईलमध्ये

आयएसओ, आयएमजी किंवा डीएमजी अशा शेपटाची फाईल पहिल्यांदा हाती आली की फसगत होते ती ‘इमेज’ या शब्दापाशी. इमेज म्हणजे फोटो, मग तो फोटोसारखा उघडत का नाही? उघडणार नाही, कारण डिस्क इमेज हे चित्र नव्हे. ती डिस्कची बाइटन्‌बाइट नक्कल असते.

मैत्रिणीच्या वहीतून हवा तेवढा धडा उतरवून घेणं म्हणजे फाईल कॉपी करणं. अख्ख्या वहीची पानन्‌पान झेरॉक्स काढणं म्हणजे डिस्क इमेज. झेरॉक्समध्ये अनुक्रमणिका येते, कोरी पानं येतात, खोडलेल्या ओळीही येतात. डिस्कची पानं म्हणजे सेक्टर. जुन्या १.४४ एमबीच्या फ्लॉपीच्या दोन बाजू, प्रत्येक बाजूवर ८० वर्तुळं, प्रत्येक वर्तुळात १८ सेक्टर आणि प्रत्येक सेक्टरमध्ये ५१२ बाइट्स. गुणाकार केला की १४,७४,५६० येतात. फ्लॉपीवर एकच पत्र असो वा पन्नास, तिची साधी इमेज बरोबर एवढ्याच बाइट्सची भरते.

खोडलेल्या ओळींची गोष्ट महत्त्वाची आहे. फाईल डिलीट केली की बहुधा अनुक्रमणिकेतली नोंद तेवढी जाते. मजकूर त्या जागी दुसरं काही लिहिलं जाईपर्यंत तसाच राहतो. म्हणून सायबर गुन्ह्याच्या तपासात जप्त केलेल्या हार्डडिस्कवरच्या फाईली नुसत्या कॉपी करत नाहीत. आधी पूर्ण डिस्कची इमेज घेतात आणि शोध त्या इमेजमध्ये घेतात.

आयएसओ हे नाव आलं ते १९८८च्या आयएसओ ९६६० या मानकावरून. सीडीवर फाईली कशा मांडायच्या हे त्यात ठरलं. त्याची रचना मला फार आवडते. पहिले १६ सेक्टर, म्हणजे ३२,७६८ बाइट्स, मोकळे राखलेले असतात. सतराव्या सेक्टरच्या दुसऱ्या बाइटपासून ‘सीडी००१’ ही पाच अक्षरांची खूण रोमन लिपीत दिसते, आणि मुख्य फोल्डर कुठे आहे त्याचा पत्ता याच सेक्टरमध्ये असतो. मोठ्या संख्या तर चक्क दोनदा लिहिलेल्या असतात, एकदा उजवीकडून डावीकडे आणि एकदा डावीकडून उजवीकडे. त्या काळी काही संगणक संख्येचा लहान भाग आधी वाचत, काही मोठा. कुणाचीच अडचण होऊ नये म्हणून केलेली ही सोय या मानकाच्या आजच्या आयएसओ फाईलींमध्येही शाबूत आहे.

मूळ मानकात फाईलच्या नावासाठी रोमन कॅपिटल अक्षरं, अंक आणि अंडरस्कोअर एवढंच चाले. देवनागरी नावांची वाट मोकळी झाली ती मायक्रोसॉफ्टच्या जोलिएट या जोडणीमुळे. तिच्यात युनिकोडमधलं नाव ६४ चिन्हांपर्यंत बसतं. पण काना, मात्रा, वेलांटी आणि हलन्त ही तिथे वेगळी चिन्हं मोजली जातात. ‘मुख्यमंत्री’ हा आपल्याला चार अक्षरांचा वाटणारा शब्द अकरा चिन्हं खातो. सीडीवर घेताना लांबलचक मराठी नावं मध्येच तुटली, तर हे कारण तपासून पाहावं.

आता उघडण्याकडे वळू. इमेज ‘माउंट’ करायची, म्हणजे ही फाईल खरीखुरी डिस्क आहे असं संगणकाला भासवायचं. विंडोज ८पासून, म्हणजे २०१२पासून, ही सोय विंडोजमध्येच आहे. आयएसओवर डबल-क्लिक केलं की नवा ड्राइव्ह दिसतो, आणि काम झालं की त्यावर राइट-क्लिक करून ‘इजेक्ट’ करायचं. डबल-क्लिकने भलताच प्रोग्रॅम उघडत असेल, तर फाईलवर राइट-क्लिक करून ‘माउंट’ निवडा. मॅकवर डीएमजी तशीच उघडते. फक्त आतलं ॲप तिथूनच चालवू नका, आधी ‘ॲप्लिकेशन्स’ फोल्डरमध्ये ओढून घ्या. नाहीतर मशीन पुन्हा सुरू केल्यावर इमेज सुटते आणि ॲप हरवल्यासारखं वाटतं. इमेजमधली एखाददुसरीच फाईल हवी असेल तर ती बाहेर काढायला सेव्हन-झिप हा प्रोग्रॅम पुरतो.

रास्पबेरी पाय या चिमुकल्या संगणकासाठीची आयएमजी फाईल विंडोजमध्ये माउंट करू गेलात, तर फाईल खराब असल्याचा संदेश येतो. घाबरून ती पुन्हा डाउनलोड करत बसू नका. ती मेमरी कार्डाची इमेज आहे आणि विंडोज तिच्यात सीडी शोधतंय. ती कार्डावर उतरवायची असते, रास्पबेरी पाय इमेजर किंवा एचर यांसारख्या प्रोग्रॅमने. इन्स्टॉलेशनची आयएसओ पेनड्राइव्हवर नुसती कॉपी करून भागत नाही तेही याचमुळे. तसं केल्यावर पेनड्राइव्हवर एक फाईल बसते, पेनड्राइव्ह स्वतः ती डिस्क होत नाही. मात्र अशी इमेज उतरवताना त्यावरचं आधीचं सगळं पुसलं जातं, तेव्हा ड्राइव्हचं नाव दोनदा वाचा.

अनोळखी मेलमधून आलेली आयएसओ मुळीच उघडू नका. इंटरनेटवरून आलेल्या फाईलला विंडोज एक सावधगिरीची खूण लावतं. ही खूण आयएसओच्या आतल्या फाईलींपर्यंत पोचत नसे आणि भामट्यांनी त्याचा भरपूर फायदा घेतला. मायक्रोसॉफ्टने नोव्हेंबर २०२२च्या अपडेटमध्ये ही फट बुजवली, पण अपडेट न केलेल्या मशीनवर ती अजून उघडीच आहे.

मला हे सगळं शिकवलं ते आजीच्या ओव्यांच्या सीडीने. मामाने ती ध्वनिमुद्रित करून घेतली होती. सीडीवर चरे पडू लागले तशी मी तिची आयएसओ करायला बसले आणि जमेना. ऑडिओ सीडीवर फाईली नसतातच, नुसता आवाजाचा प्रवाह असतो. डेटा सीडीच्या सेक्टरमध्ये २,३५२ बाइट्सपैकी २,०४८ कामाचे असतात, बाकीचे प्रामुख्याने चुका ओळखून दुरुस्त करण्यासाठी. ऑडिओ सीडीवर सगळे २,३५२ बाइट्स आवाजच असतो, आणि असे ७५ सेक्टर मिळून एक सेकंद होतो. हा प्रवाह आयएसओत बसत नाही. त्यासाठी बिन आणि क्यू अशी फाईलींची जोडी लागते. बिनमध्ये आवाज, आणि क्यूमध्ये कुठली ओवी कुठे सुरू होते याची छोटीशी यादी, जी नोटपॅडमध्येही वाचता येते.

दोन्ही फाईली दोन वेगळ्या हार्डडिस्कवर ठेवल्या. दर दिवाळीत मी बिनचा एसएचए-२५६ आकडा काढते, म्हणजे जणू त्या फाईलच्या अंगठ्याचा ठसा. चौसष्ट खुणांची ही ओळ फाईलमधला एक बिट बदलला तरी पार वेगळी येते. पहिल्या दिवशीची ओळ वहीच्या आतल्या पुठ्ठ्यावर लिहिली आहे, तिच्याशी ताडून बघते. दुसरी ओवी संपून तिसरी सुरू होण्याआधी आजी कुणाला तरी जातं जरा सरकवायला सांगते, तेही त्यात आहे.