हवेतला हा कार्बन कुणाचा?

दोन-तीन महिन्यांतून एकदा तरी तो संदेश फिरत फिरत माझ्यापर्यंत येतोच: ‘एक ज्वालामुखी फुटला की माणसाने शंभर वर्षांत सोडला नसेल इतका कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. तापमानवाढ हे निसर्गचक्र आहे.’ पूर्वी मी आकडा सांगून मोकळा व्हायचो, की जगातले सगळे ज्वालामुखी मिळून वर्षाला माणसाच्या एक टक्काही सोडत नाहीत. पण आकड्याला उत्तर म्हणून समोरून दुसरा आकडा येतो. त्यापेक्षा तो कार्बन कुठून आला हे त्यालाच विचारलेलं बरं. आणि ते विचारता येतं.

हवेतला कार्बन डायऑक्साइड वाढलाय यात वाद नाही. औद्योगिक क्रांतीपूर्वी हवेच्या दर दहा लाख रेणूंत त्याचे सुमारे २८० रेणू होते. ध्रुवीय बर्फात अडकलेल्या जुन्या हवेच्या बुडबुड्यांवरून हे कळतं. चार्ल्स कीलिंग यांनी १९५८ साली हवाई बेटावरच्या मौना लोआ पर्वतावर मोजणी सुरू केली तेव्हा ते ३१५ च्या आसपास होते, आता ४२० च्या वर आहेत. तिथे हवेचा नमुना घेण्याची रीत मला फार आवडते. आतली हवा काढून टाकलेला काचेचा चंबू घ्यायचा, वाऱ्याकडे तोंड करून उभं राहायचं, श्वास रोखायचा आणि मग तोटी उघडायची. कारण आपल्या उच्छ्वासात बाहेरच्या हवेच्या जवळजवळ शंभरपट कार्बन डायऑक्साइड असतो. एक फुंकर पडली की नमुना वाया.

आता खरी गंमत. कार्बनचे अणू तीन वजनांचे असतात. बहुतेक सगळे कार्बन-१२, शंभरात एखादा कार्बन-१३, आणि लाख कोटींत जेमतेम एक कार्बन-१४. हा तिसरा किरणोत्सारी. वातावरणात उंचावर वैश्विक किरणांमुळे तो सतत तयार होतो आणि दर ५७३० वर्षांनी निम्मा होतो. कोट्यवधी वर्षं जमिनीत गाडलेल्या कोळशात तो उरेलच कसा? १९५५ साली हान्स स्यूस यांनी झाडांच्या वाढीची वर्तुळं तपासली, तर विसाव्या शतकातल्या लाकडात कार्बन-१४ चं प्रमाण आधीच्या शतकातल्या लाकडापेक्षा कमी भरलं. म्हणजे हवेत कुठला तरी फार जुना कार्बन मिसळत होता. (पुढे अणुचाचण्यांनी हवेतला कार्बन-१४ जवळजवळ दुप्पट केला आणि हा हिशेब काही दशकं बिघडला, ती वेगळी कथा.)

पण ज्वालामुखीचा कार्बनही जुनाच. संशयित अजून सुटलेला नाही.

इथे कार्बन-१३ साक्षीला येतो. प्रकाशसंश्लेषण करताना वनस्पती हलका कार्बन-१२ जास्त उचलतात. रुबिस्को नावाच्या विकराची ती खोडच आहे. त्यामुळे वनस्पतींत, आणि प्राचीन जीवांपासून बनलेल्या कोळशात-तेलात, कार्बन-१३ चं प्रमाण हवेपेक्षा कमी असतं. ठरावीक प्रमाणकाशी तुलना केली तर दर हजारी साधारण पंचवीसने कमी. त्याच मापाने औद्योगिक क्रांतीपूर्वीची हवा साडेसहाने कमी होती, आता ती साडेआठच्या आसपास आहे. ज्वालामुखीच्या वायूत ही तूट सहसा पाचच्या आसपास असते. तो मिसळून हवेतली तूट घटली असती, वाढली नसती. हे डोक्यावरून गेलं तर एवढंच धरा: नवा कार्बन हलका आहे, म्हणजे तो कधीतरी जिवंत पेशीत होता, आणि जुना आहे, म्हणजे कालपरवाच्या जंगलाचा नाही. हलका आणि जुना असा साठा एकच: कोळसा, तेल, वायू.

शिवाय हवेतला ऑक्सिजन किंचित घटतोय. राल्फ कीलिंग, म्हणजे चार्ल्स यांचे चिरंजीव, १९८० च्या दशकाअखेरपासून तो मोजतायत. जळायला ऑक्सिजन लागतो. ज्वालामुखीतून कार्बन डायऑक्साइड तयारच बाहेर पडतो. (‘ऑक्सिजन संपणार’ म्हणून किंचाळणारे व्हिडिओही मी पाहिलेत. घट वर्षाला दहा लाखांत चार-पाच रेणूंची आहे आणि साठा एकवीस टक्के. निवांत श्वास घ्या.) ‘निसर्गचक्र’ हा शब्द तर लोक ग्रहमानासारखा वापरतात, एकदा उच्चारला की कारण शोधायची गरजच उरत नाही.

कार्बन डायऑक्साइड उष्णता अडवतो हे जॉन टिंडल यांनी १८५९ मध्येच प्रयोगशाळेत दाखवलं होतं. सूर्य तापल्यामुळे हे घडत असतं तर वातावरणाचे वरचे थरही तापले असते. ते थंड होतायत. २०२४ हे वर्ष औद्योगिक काळापूर्वीच्या सरासरीपेक्षा सुमारे दीड अंशाने उष्ण ठरलं. एक अंश वाढला की हवा साधारण सात टक्के जास्त बाष्प धरू शकते, म्हणून कोसळणारा पाऊस जास्त कोसळतो आणि कोरडी जमीन आणखी शोषली जाते. वाढीव उष्णतेपैकी नव्वद टक्क्यांहून जास्त समुद्राने पोटात घेतली आहे. त्यामुळे उद्या धूर थांबला तरी समुद्राची पातळी पुढची काही शतकं चढत राहील.

आपला कार्बनही समुद्र गिळतो आणि आम्लाकडे झुकतो, आणि मग पोवळ्यांना चुन्याचा सांगाडा बांधणं जड जातं. त्या सांगाड्यातही वर्षावर्षाचे थर असतात. वरच्या थरांत तोच हलका कार्बन सापडतो, आणि थर मोजत दोनशे वर्षं मागे गेलं की दिसेनासा होतो.