मारकुटं पोर कुणावर जातं? जुळ्यांच्या अभ्यासाची पार्श्वभूमी

तान्ह्या पोळ्याच्या संध्याकाळी नागपुरातल्या आमच्या महाल भागातल्या गल्लीत पोट्टे लाकडी बैल घेऊन जमतात. मागच्या वर्षी त्यांत सहा वर्षांचे दोन जुळे भाऊ होते, चेहऱ्यावरून वेगळे ओळखूच येऊ नयेत असे. एकानं दुसऱ्याच्या बैलाचं शिंग ओढलं, ते तुटलं आणि दोघांची जुंपली. "आजोबावर गेला बाप्पा हा, सारखा हात उचलून राहिला," आजी म्हणाली. शेजारच्या काकूंना पटलं नाही. "काही नाही हो, संगत अन् मोबाईल!"

हा वाद आपल्या म्हणींतही आहे. 'खाण तशी माती' म्हणणारी मराठी 'ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला' असंही म्हणते. मुलाच्या मारकुटेपणात वाणाचा वाटा किती आणि शेजारी बांधलेल्या बैलाचा, म्हणजे संगतीचा किती, हे मोजण्यासाठी विज्ञान गेली दीडशे वर्षं जुळ्यांकडे पाहत आलं आहे.

सुरुवात केली फ्रान्सिस गाल्टन यांनी, १८७५ मध्ये. हे डार्विनचे नात्यातले भाऊ. त्यांनी जुळ्यांविषयी पत्रांतून माहिती मागवली आणि जन्मतः सारखी असलेली भावंडं पुढे वेगळी होतात का, वेगळी असलेली सारखी होतात का, हे तपासलं. वाढवण्यापेक्षा जन्माचं पारडं जड, असा त्यांचा निष्कर्ष होता. याच गाल्टन यांनी १८८३ मध्ये सुप्रजननशास्त्राला, म्हणजे 'चांगल्या' वाणाचीच माणसं वाढवायची या विचाराला, इंग्रजी नाव दिलं. पुढच्या दुःखाचं मूळ तिथे आहे.

पद्धत पक्की झाली १९२४ मध्ये. हर्मन सीमेन्स हे जर्मन त्वचारोगतज्ज्ञ जुळ्यांच्या अंगावरचे तीळ मोजत होते. एकबीज जुळी एकाच फलित बीजापासून होतात, त्यामुळे त्यांची जनुकं जवळपास तंतोतंत सारखी असतात. द्विबीज जुळ्यांचं नातं जनुकांपुरतं सख्ख्या भावंडांइतकंच, म्हणजे माणसामाणसांत जी जनुकं वेगळी असतात त्यांतली सरासरी निम्मी सारखी. दोन्ही प्रकारची जुळी एकाच घरात, एकाच वेळी वाढतात. मग एखाद्या गुणात एकबीज जुळी द्विबीजांपेक्षा जास्त सारखी निघाली, तर तो जास्तीचा सारखेपणा जनुकांचा. समजा, शून्य ते एकच्या मापावर एकबीजांतलं साम्य ०.७ आणि द्विबीजांतलं ०.४ आहे. फरक ०.३. द्विबीजांत निम्मीच जनुकं सारखी, म्हणून त्याची दुप्पट ०.६, म्हणजे जनुकांचा वाटा ६० टक्के. हिशेब इतका साधा आहे आणि तो चुकीचा वाचणंही तितकंच सोपं आहे.

चुकीचा वाचला गेलाच. १९२९ मध्ये जर्मन मनोविकारतज्ज्ञ योहानेस लांगे यांनी तिथल्या बव्हेरिया प्रांतातल्या कैद्यांमधली जुळी शोधली. एकबीजांच्या १३ जोड्यांपैकी १० मध्ये दोघंही गुन्हेगार, द्विबीजांच्या १७ पैकी फक्त २ मध्ये. इतक्या तुटपुंज्या आकड्यांवर लिहिलेल्या पुस्तकाच्या शीर्षकातच त्यांनी गुन्ह्याला 'नियती' म्हटलं. चार वर्षांनी, १९३३ मध्ये, नाझी राजवटीनं सक्तीच्या नसबंदीचा कायदा केला. आउश्वित्झच्या छावणीत नाझी डॉक्टर योझेफ मेंगेलेनं जुळ्या मुलांवर केलेले अत्याचार संशोधनाच्या नावाखालीच झाले. या विषयावर लिहिताना ती मुलं विसरणं मला जमत नाही, आणि जमूही नये.

युद्धानंतर बराच काळ भर शिकण्यावर राहिला. १९६१ मध्ये मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बँड्युरा यांनी अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात दाखवलं, की मोठी माणसं फुगवलेल्या बाहुलीला बडवताना पाहिली की लहान मुलंही तसंच बडवतात. आमच्या काकूंचं म्हणणं तेच.

जुळ्यांकडे संशोधक परतले ते मोठ्या नोंदी घेऊन. नेदरलँड्समध्ये १९८७ पासून जुळ्यांची नोंदवही आहे. इंग्लंड आणि वेल्समधल्या १९९४ ते १९९६ दरम्यान जन्मलेल्या हजारो जुळ्यांचा पाठपुरावा अजून चालू आहे. २००२ मध्ये ऱ्ही आणि वॉल्डमन यांनी समाजविघातक वर्तनावरचे ५१ जुळ्यांचे आणि दत्तक मुलांचे अभ्यास एकत्र केले. जनुकांचा वाटा ४१ टक्के निघाला, घरातल्या सामायिक वातावरणाचा १६ आणि प्रत्येक मुलाच्या वाट्याला वेगळ्या आलेल्या अनुभवांचा ४३.

कॅनडातल्या क्युबेकमधला एक अभ्यास मला फार मोलाचा वाटतो. सहा वर्षांच्या जुळ्यांबद्दल तिथे शिक्षकांना आणि वर्गातल्या मुलांना विचारलं, कारण आईवडील दोघांना एकाच मापानं मोजण्याची शक्यता असते. हाणामारीत जनुकांचा वाटा निम्म्याहून थोडा जास्त दिसला. पण कट्टी करायला लावणं, चहाड्या सांगणं, खेळातून वगळणं यांत तो फक्त २० टक्क्यांच्या आसपास. हात उचलणं आणि मन दुखावणं ही एकाच खाणीची माती नव्हे.

आता आकड्याचा अर्थ. '५० टक्के' म्हणजे एका मुलाचा निम्मा राग आजोबांचा, असं नाही. एका समाजातल्या मुलामुलांमध्ये जो फरक दिसतो, त्यातला किती भाग जनुकांच्या फरकाशी जुळतो, एवढंच तो सांगतो. समाज बदलला, की आकडा बदलू शकतो. वर दिलेले आकडे युरोप-अमेरिकेतले आहेत. काका-काकू, आजी-आजोबा, चुलत भावंडं एका छताखाली असलेल्या महालातल्या वाड्यावर ते जसेच्या तसे चिकटवता येत नाहीत.

आणि जुळ्यांनी पर्यावरणाची बाजूही तितक्याच भक्कमपणे मांडली आहे, हे आपल्याकडे क्वचितच सांगितलं जातं. २००४ मध्ये कॅस्पी, मॉफिट आणि सहकाऱ्यांनी ब्रिटनमधल्या पाच वर्षांच्या एकबीज जुळ्यांच्या ५६५ जोड्या घेतल्या. प्रत्येक आईला एकेका मुलाविषयी पाच मिनिटं मोकळं बोलू दिलं आणि तिच्या बोलण्यातली माया आणि नाराजी मोजली. जनुकं तीच, घर तेच. तरी ज्या मुलाविषयी आई जास्त कडवट बोलली, त्याचं वागणं सात वर्षांचा होईपर्यंत जुळ्या भावंडापेक्षा जास्त बिघडलेलं दिसलं; पाचव्या वर्षीच्या वागण्यातला फरक हिशेबात धरूनही.

शिंग तोडणाऱ्या त्या पोराला त्याच्या घरी सगळे 'द्वाड' म्हणतात आणि भावाला 'शहाणा'. त्या संध्याकाळी आईनं द्वाडाच्या पाठीत धपाटा घातला आणि शहाण्याला कडेवर घेतलं. तुटलेलं शिंग मुठीत धरून तो बराच वेळ ओट्यावर एकटा बसून होता.