डेमो कॉम्पोत एंट्री कशी द्यायची: कोण देऊ शकतं, काय काय लागतं, अपलोड कसं होतं

कमोडोर ६४, झेडएक्स स्पेक्ट्रम, अमिगा, अटारी असल्या जुन्या होम कॉम्प्युटरसाठी कुणी डेमो बनवला की पुढचा प्रश्न ठरलेला, आता हा कॉम्पोत टाकायचा कसा. कॉम्पो म्हणजे स्पर्धा, एवढंच. आणि डेमो म्हणजे गेम नाही, व्हिडिओ पण नाही, तो मशीनवर त्या क्षणी चालणारा प्रोग्राम असतो, चित्रं, हालचाल, म्युझिक सगळं तिथल्या तिथे तयार करून दाखवणारा, बघणाऱ्याने नुसतं बघायचं.

कोडला महिने जातात, अर्जाला पंधरा मिनिटं लागतात, म्हणून लोक अर्ज शेवटच्या पंधरा मिनिटांवर ठेवतात आणि घोळ नेमका तिथेच होतो. एक गोष्ट डोक्यात पक्की बसवा, तुमची एंट्री स्टेजवर तुम्ही चालवणार नाही आहात. आयोजकांच्या टीममधला कुणीतरी, ज्याने तुमचा डेमो फार तर एकदा चालवून बघितलाय, तो त्यांच्या मशीनवर ती लोड करणार, हॉलमध्ये अंधार, समोर पब्लिक, मागे अजून वीस एंट्र्या रांगेत. खाली जे काही 'लागतं' म्हणून लिहिलंय ते सगळं त्या माणसासाठी आहे असं समजून वाचा, मग नियम पाठ करावे लागत नाहीत.

कोण भाग घेऊ शकतं

जवळपास कुणीही. वय, शिक्षण, देश, कशाचीच अट सहसा नसते. ओळखपत्र लागत नाही, खरं नाव पण लागत नाही, हँडल, म्हणजे टोपणनाव, चालतं. ही पद्धत जुनी आहे, १९८० च्या दशकात गेमचं कॉपी प्रोटेक्शन तोडणारी पोरं गेमच्या आधी आपली छोटीशी इंट्रो, म्हणजे आपलं नाव झळकवणारा प्रोग्राम, चिकटवायची, आता तिथे खरं नाव कोण टाकणार. त्या इंट्रोंमधूनच पुढे डेमो वेगळे झाले, टोपणनाव मात्र राहिलं. आज या प्रकाराला चांगली प्रतिष्ठा आहे, फिनलंडने २०२० मध्ये आणि जर्मनीने २०२१ मध्ये डेमोसीन, म्हणजे हे डेमो बनवणाऱ्यांचं सगळं विश्व, आपल्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या राष्ट्रीय यादीत घेतलंय, तरी फॉर्मवर लोक हँडलच लिहितात.

एकट्याने एंट्री दिली तरी चालते, ग्रुपने दिली तरी चालते. ग्रुप असेल तर अपलोड कोण करणार ते आधी ठरवा, नाहीतर दोघं दोन व्हर्जन टाकतात.

खऱ्या अटी वेगळ्याच आहेत. पहिली, एंट्री नवीन पाहिजे, म्हणजे आधी कुठे रिलीज झालेली, दुसऱ्या कॉम्पोत दाखवलेली किंवा पूर्ण व्हिडिओ ऑनलाइन टाकलेली नसावी. एखादा स्क्रीनशॉट मित्रांना दाखवला तर कुणी आकाशपाताळ एक करत नाही, पण अख्खा डेमो आधीच पसरला असेल तर एंट्री बाद होऊ शकते. दुसरी, काम तुमचं पाहिजे. लायब्ररी, म्युझिक प्लेअर, डिस्क लोडर, क्रंचर (फाईल दाबून छोटी करणारा प्रोग्राम) दुसऱ्याचा वापरला तर हरकत नाही, सगळेच वापरतात, श्रेय द्या म्हणजे झालं. पण कुणाचं चित्र उचलून पिक्सेल करून घातलं किंवा परवानगी नसलेलं गाणं वापरलं की अडचण, कारण तुमची एंट्री सगळ्यांना डाउनलोडला जाते आणि अपलोड करताना तुम्ही त्या वाटपाला संमती देत असता. तिसरी अट अलीकडची, एआयने बनवलेलं काही असेल तर काही ठिकाणी सांगावं लागतं आणि काही ठिकाणी चालतच नाही. त्या त्या कॉम्पोचे नियम बघा, आणि वापरलं असेल तर स्वतःहून सांगा, नंतर कुणी शोधून काढण्यापेक्षा ते बरं.

चौथी अट हजेरीची. बऱ्याच पार्ट्यांमध्ये (या स्पर्धा जिथे होतात त्या मेळाव्याला पार्टीच म्हणतात) ग्रुपमधला एकतरी माणूस तिथे हजर लागतो, काही ठिकाणी रिमोट एंट्री चालते. जर्मनीत साआरब्र्युकेनला ईस्टरच्या सुट्टीत होणारी रिव्हिजन ही यातली मोठी, फिनलंडची असेंब्ली १९९२ पासून आहे, स्लोव्हाकियाची फॉरएव्हर खास ८-बिटवाल्यांची, आणि लव्हबाईट ही अगदी छोट्या साइजच्या प्रोग्रामची स्पर्धा ऑनलाइनच असते. कुठेच प्रवास जमत नसेल तर ऑनलाइनपासून सुरुवात करा.

कुठल्या कॅटेगरीत टाकायचं

इथे माझं मत स्पष्ट आहे, कॅटेगरी डेमो पूर्ण झाल्यावर नाही, सुरू करायच्या आधी निवडा. 'ओल्डस्कूल' लिहिलं म्हणजे सगळी जुनी मशीन चालतात असं नाही, नियमांत मॉडेल आणि मेमरी दिलेली असते. अमिगा ५०० आणि अमिगा १२०० दोन्ही अमिगाच, पण ५०० आहे १९८७ चा आणि १२०० आहे १९९२ चा, नवीन ग्राफिक्स चिपसेटवाला, त्यामुळे दोघांना एका पंगतीत बसवतीलच असं नाही. एक्स्ट्रा रॅम, अॅक्सिलरेटर कार्ड, एसडी कार्डवाली कार्ट्रिज, यातलं काहीही लागत असेल तर आधी विचारून घ्या.

साइजच्या कॅटेगरीत ४के म्हणजे ४०९६ बाइट, ४००० नाही, आणि ६४के म्हणजे ६५५३६. ही वरची मर्यादा आहे, भरलीच पाहिजे असं नाही. २०१७ च्या रिव्हिजनला ओल्डस्कूल ४के कॉम्पो जिंकली ती कमोडोर ६४ वरच्या अवघ्या २५६ बाइटच्या प्रोग्रामने, म्हणजे मर्यादेच्या सोळाव्या भागात.

बाइट मोजताना फाईल जशी डिस्कवर असते तशी मोजतात असं धरून चाला. कमोडोर ६४ च्या पीआरजी फाईलला सुरुवातीला २ बाइटचा लोड अॅड्रेस असतो, त्यावर रन म्हटल्यावर कोड सुरू व्हावा म्हणून बेसिकची एक ओळ, नेहमीची 'सिस २०६१' वाली, तिचे १२ बाइट. म्हणजे काहीही न करता १४ गेले. २५६ मधले १४ म्हणजे चेष्टा नाही. लोड अॅड्रेस मोजायचा की नाही हे ठिकाणाप्रमाणे बदलू शकतं, म्हणून नियमात लिहिलं नसेल तर ईमेल करा, आयोजक उत्तर देतात.

कागदपत्रं, म्हणजे झिपमध्ये काय काय

सरकारी अर्जासारखी साक्षांकित प्रत वगैरे काही नाही, पण एक झिप लागते आणि तिच्यात ठरावीक गोष्टी लागतात.

मुख्य फाईल पहिली. कमोडोर ६४ साठी पीआरजी किंवा डी६४, स्पेक्ट्रमसाठी टॅप किंवा टीआरडी, अमिगासाठी एडीएफ किंवा एक्झिक्युटेबल. नाव छोट्या अक्षरात, स्पेस नको, आणि कुठली फाईल चालवायची ते नावावरून कळलं पाहिजे. 'फायनल', 'फायनल२', 'खरंच फायनल' अशा तीन फाईल एका झिपमध्ये टाकू नका, समोरचा माणूस भलतीच उचलेल.

दुसरी रीडमी, साधी टेक्स्ट फाईल, आणि खरी एंट्री निम्मी हिच्यावर तरते. हिच्यात मशीन लिहायचं, पण नुसतं 'सी६४' लिहून उपयोग नाही. पाल की एनटीएससी, म्हणजे कुठल्या टीव्ही पद्धतीचं मशीन, ते लिहा. पाल मशीनवर एका फ्रेमला ३१२ ओळी गुणिले ६३ सायकल (प्रोसेसरचे ठोके) म्हणजे १९६५६ सायकल मिळतात, नेहमीच्या एनटीएससीवर २६३ गुणिले ६५ म्हणजे १७०९५, त्यामुळे सायकल मोजून लिहिलेला इफेक्ट एकावर लोण्यासारखा चालतो आणि दुसऱ्यावर चिंध्या होतात. साउंड चिप कुठली तेही लिहा, कमोडोर ६४ च्या सिड चिपच्या ६५८१ आणि ८५८० या दोन प्रकारांचे फिल्टर वेगळे वाजतात, आणि व्हॉल्यूम रजिस्टरमधून सॅम्पल (रेकॉर्ड केलेला आवाज) वाजवायची जुनी युक्ती ८५८० वर इतकी हळू ऐकू येते की हॉलमध्ये कुणाला कळणारही नाही. स्पेक्ट्रमवाल्यांची तर अजून मजा, ४८के मॉडेलची फ्रेम ६९८८८ टी-स्टेटची (तिथल्या प्रोसेसरचे ठोके), १२८के ची ७०९०८ ची आणि रशियन पेंटॅगॉन क्लोनची ७१६८० ची, वर पेंटॅगॉनमध्ये मेमरी कंटेन्शन (मेमरीसाठी प्रोसेसरला व्हिडिओ चिपमागे थांबावं लागणं) नाहीच. 'स्पेक्ट्रमवर चालतं' हे वाक्य म्हणून अर्धवट आहे, कुठल्या स्पेक्ट्रमवर ते सांगा.

मग लोड कसं करायचं, किती वेळ लागतो, डिस्कची बाजू पलटायची असेल तर नेमकी कुठल्या स्क्रीनला, एकूण लांबी किती मिनिटं, आणि संपतो कसा. शेवटचं फार लोक विसरतात. डेमो लूप होत असेल तर आयोजकाला कळत नाही कुठे थांबवायचं, मग तो एकतर अर्ध्यातच बंद करतो नाहीतर पब्लिक तेच ते दुसऱ्यांदा बघत बसतं. 'निळ्या स्क्रीनवर क्रेडिट आले की संपलं, त्यानंतर १० सेकंदांनी बंद करा' असं सरळ लिहून टाका. रीडमी इंग्रजीतच लिहा, छोटी वाक्यं, कविता नको.

सोबत फाईल-आयडी-डिझ नावाची एक छोटी फाईल टाकायची रीत आहे, बीबीएसच्या, म्हणजे फोन लाइनवरून फाईल घ्यायच्या, काळातली, तिच्यात चार ओळींत नाव, ग्रुप, कुठल्या कॉम्पोसाठी एवढंच. नसली तर सहसा अडत नाही. स्क्रीनशॉट मात्र द्या, निकालाच्या यादीत आणि स्लाइडवर तोच दिसतो.

खऱ्या हार्डवेअरवरचा व्हिडिओ कॅप्चर मागितला असेल तर तोही लागतो, विशेषतः मशीन दुर्मिळ असेल आणि आयोजकांकडे नसेल तेव्हा. एमुलेटरवर (जुन्या मशीनची नक्कल करणाऱ्या प्रोग्रामवर) चालतं म्हणजे खऱ्या मशीनवर चालेलच असं नाही, आणि उलटही होतं. २०१५ च्या रिव्हिजनला ओल्डस्कूल डेमो कॉम्पो जिंकणारा '८०८८ एमपीएच' हा १९८१ च्या मूळ आयबीएम पीसीवरचा डेमो त्या वेळच्या एमुलेटरांवर नीट चालतच नव्हता. तुमचं काम तेवढं टोकाचं नसेल, तरी व्हाइस, फ्यूज, विनयूएई यापैकी जे वापरलं त्याचं व्हर्जन आणि सेटिंग रीडमीत टाका, आणि शक्य असेल तर कुणाच्या तरी खऱ्या मशीनवर एकदा चालवून घ्या.

जाता जाता, त्याच पार्टीत ग्राफिक्स कॉम्पोतही चित्र टाकणार असाल तर वर्किंग स्टेजेस लागतात, म्हणजे चित्र बनताना मधल्या टप्प्यांच्या सेव्ह केलेल्या फाईल. शेवटी तयार करता येत नाहीत, काढत असतानाच सेव्ह करत जा.

फॉर्म आणि अपलोड

आधी रजिस्ट्रेशन. पार्टीला गेलात की प्रवेशाच्या वेळी एक व्होटकी मिळते, अक्षर-आकड्यांचा कोड, तो पार्टीच्या सिस्टीममध्ये टाकून अकाउंट उघडायचं, त्याच अकाउंटवरून एंट्री आणि त्यावरूनच मतदान. रिमोटवाल्यांना की मागवून घ्यावी लागते, ती शेवटच्या दिवशी मागू नका.

फॉर्म छोटा असतो. नाव, लेखक किंवा ग्रुप, कॅटेगरी, प्लॅटफॉर्म, झिप, स्क्रीनशॉट, आणि कमेंटचे दोन रकाने. हे दोन रकाने नीट वाचा. एक सगळ्यांना दिसतो, मोठ्या पडद्यावर स्लाइडमध्ये येतो, दुसरा फक्त आयोजकांसाठी असतो. 'डिस्क पलटताना घाई करू नका, हँग होतं' हे पडद्यावर झळकलं तर हसं होतं, ते दुसऱ्या रकान्यात. पहिल्यात लोकांना काय बघायचं ते एका ओळीत सांगा, म्हणजे इफेक्ट कुठल्या कारणाने अवघड आहे ते, कारण हॉलमधल्या प्रत्येकाला तुमचं मशीन माहीत असेलच असं नाही आणि मत तेच देणार आहेत.

डेडलाईन म्हणजे कॉम्पोची वेळ नव्हे, ती त्याच्या कित्येक तास आधी असते आणि रिमोटवाल्यांची बऱ्याचदा त्याहून आधी. वेळ पार्टीच्या गावातली धरतात, तुमच्या घड्याळात बदलून घ्या, आणि युरोपातली पार्टी मार्चच्या शेवटी असेल तर जास्तच सांभाळा. तिथे मार्चच्या शेवटच्या रविवारी घड्याळ एक तास पुढे जातं, २०२४ मध्ये ईस्टरचा रविवार नेमका तोच होता, ३१ मार्च, म्हणजे पार्टी चालू असताना मध्येच एक तास गायब. डेडलाईनपर्यंत नवीन व्हर्जन टाकता येतं, म्हणून चालणारं काहीतरी आदल्या दिवशीच अपलोड करून ठेवा आणि मग हवं तेवढं घासत बसा. डेडलाईननंतर काही मोडलेलं दिसलं तर गुपचूप बसू नका, टीमला जाऊन भेटा किंवा लिहा, खरंच बग असेल तर कधीकधी ऐकतात, 'नवीन पार्ट घातलाय' म्हणालात तर नाही ऐकणार.

अपलोडनंतर

टीम प्रत्येक एंट्री चालवून बघते, अडलं तर फॉर्मवरच्या संपर्कावर विचारते, म्हणून त्या दिवशी फोन आणि मेल बघत राहा. एंट्र्या फार झाल्या तर आधी छाननी होते आणि काही पडद्यावर येतच नाहीत, त्यात नाराज होऊन भांडण्यात अर्थ नाही, त्या रिलीज मात्र होतात. मग शो, मग मतदान. मत बहुतेक ठिकाणी हजर असलेलं पब्लिकच देतं, ज्युरी नाही, निकाल बक्षीस समारंभात.

बक्षीस ट्रॉफी किंवा थोडीफार रक्कम, वस्तू असं काहीतरी. खरं नाव आणि बँकेचे तपशील लागलेच तर ते इथे, जिंकल्यावर, तोपर्यंत कुणाला द्यायची गरज नाही. एंट्र्या सीन डॉट ऑर्गच्या आर्काइव्हवर जातात, आणि कमोडोर ६४ चं काम असेल तर सीएसडीबी या कमोडोर ६४ च्या ऑनलाइन डेटाबेसवर नोंद होते. पार्टीत दाखवलेली ती 'पार्टी व्हर्जन', नंतर बग काढून 'फायनल' वेगळी टाकता येते, फक्त फाईलच्या नावात तसं लिहा आणि रीडमीत काय बदललं ते दोन ओळींत द्या. निकाल पार्टी व्हर्जनवरचाच राहतो.