उकाड्याचं गणित आणि सोलापूरची घरं

सोलापूरचा पारा उन्हाळ्यात चाळिशी ओलांडतो, तेव्हा माळवदाच्या घरात दुपारी बसवतं, पण पत्र्याखाली जीव नकोसा होतो. हवेच्या तापमानाइतकाच छत अंगावर किती उष्णता फेकतं याचाही तो परिणाम असतो. डेन्मार्कच्या ओले फँगर यांनी 1970 मध्ये मांडलेल्या सूत्रात हे दोन्ही घटक आहेत, शिवाय वारा, दमटपणा, कपडे आणि शरीराचे श्रम. या सहांवरून बहुतेकांना उणे 3 (थंडी) ते अधिक 3 (उकाडा) यांपैकी काय वाटेल, ते काढता येतं. 1984 मध्ये ते आंतरराष्ट्रीय मानकात गेलं.

पण त्यामागचे प्रयोग बंद, नियंत्रित खोल्यांत झाले होते. फर्गस निकोल आणि मायकेल हम्फ्रीज यांनी 1970 च्या दशकात रोजच्या वापरातल्या इमारतींकडे लक्ष वेधलं. निकोल यांनी अभ्यासलेल्या नोंदींत आपल्या रुरकीच्याही होत्या. माणूस गरम झालं की खिडकी उघडतो, सैल कपडे घालतो, जागा बदलतो. 1998 मध्ये रिचर्ड डी डियर आणि गेल ब्रेगर यांनी 160 इमारतींतल्या सुमारे 21,000 नोंदी तपासल्या. खिडक्या उघडता येणाऱ्या इमारतींत फँगरचं सूत्र सांगतं त्यापेक्षा जास्त उष्णता लोकांना चालते, असं त्यातून दिसलं. 2002 मध्ये फँगर यांनीच सहकाऱ्यासह सूत्राला ‘अपेक्षे’चा गुणक जोडला: उष्ण प्रदेशातली माणसं मुळात गारव्याची अपेक्षाच कमी ठेवतात. मला हे स्पष्टीकरण अपुरं वाटतं. खिडकीपर्यंत जाणारा हात त्यात कुठेच नाही.

खिडक्या उघडता येणाऱ्या इमारतींसाठी भारताचं सूत्र 2014 मध्ये अहमदाबादच्या सेप्ट विद्यापीठातून आलं: बाहेरच्या सरासरी तापमानाची 0.54 पट, अधिक 12.83. बाहेर सरासरी 31 अंश असेल, तर आत साडेएकोणतीसच्या आसपास सुखाचं. त्याच्या नोंदी मात्र पाच शहरांतल्या कार्यालयांमधल्या.

सोलापुरात घर हीच हजारो बायकांची कामाची जागा आहे. मांडीवर सूप, त्यात तंबाखू आणि कापलेली तेंदूची पानं; पंखा लावला की तंबाखू उडते, म्हणून विड्या वळताना तो बंदच. वारा घेण्याची मुभा कामानेच काढून घेतली, तर ती गृहीत धरणारं सूत्र त्या खोलीला जसंच्या तसं लावता येणार नाही. तिथल्या नोंदी तिथेच, काम चालू असताना घ्यायला हव्यात.