वंगणाचा पातळ थर: घर्षण आणि झीज रोखण्याच्या प्रयत्नांची पार्श्वभूमी

यंत्रातला फिरणारा दांडा कुठेतरी टेकावाच लागतो, आणि तो जिथे टेकतो तिथेच घर्षण, उष्णता आणि झीज सुरू होते. त्या आधाराला बेअरिंग म्हणतात, आणि दांडा व आधार यांच्यामध्ये जे घातले जाते ते वंगण. वंगण वापरायला लागल्यापासून ते नेमके काय करते हे समजेपर्यंत माणसाला साडेतीन हजारांहून अधिक वर्षे लागली, आणि या विषयाच्या इतिहासात मला हीच बाब सर्वांत महत्त्वाची वाटते.

इजिप्तमध्ये जेहुतिहोतेप या अधिकाऱ्याच्या थडग्यात, इ. स. पूर्व १९००च्या सुमाराचे एक चित्र आहे. त्यात माणसांच्या रांगा एका प्रचंड पुतळ्याची घसरगाडी ओढताना दिसतात, आणि गाडीच्या पुढच्या टोकावर उभा असलेला एक जण समोरच्या जमिनीवर द्रव ओततो आहे. योग्य प्रमाणात ओलावलेल्या वाळूवरून अशी गाडी ओढायला कोरड्या वाळूच्या तुलनेत जवळपास निम्मेच बल लागते, असे ॲमस्टरडॅम विद्यापीठातील संशोधकांनी २०१४ मध्ये प्रयोगाने दाखवले.

घर्षणाच्या नियमांचा शोध त्यानंतर फार उशिरा सुरू झाला. लिओनार्दो दा व्हिंची यांनी पंधराव्या शतकाच्या अखेरीस आपल्या टिपणांत घर्षण हे भाराच्या प्रमाणात असते आणि स्पर्शाच्या क्षेत्रफळावर अवलंबून नसते असे नोंदवले होते, पण ती टिपणे प्रकाशित झाली नाहीत. त्यामुळे हेच नियम १६९९ मध्ये फ्रान्समध्ये गियोम आमोंतों यांना पुन्हा शोधावे लागले आणि अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात कूलों यांनी त्यांचा विस्तार केला. मात्र हे सारे नियम एकमेकांवर घासणाऱ्या कोरड्या पृष्ठभागांचे होते. तेल घातल्यावर काय होते, याचे उत्तर त्यांत नव्हते.

एकोणिसाव्या शतकात वाफेची इंजिने आणि रेल्वे आली, तसा हा प्रश्न तातडीचा बनला. प्राण्यांची चरबी, देवमाशाचे तेल, ऑलिव्ह व मोहरीवर्गीय बियांचे तेल ही तोवरची वंगणे उष्णतेने आणि हवेच्या संपर्काने आंबट व चिकट होत असत. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातील टायटसव्हिल येथे १८५९ मध्ये खनिज तेलाची विहीर यशस्वी झाल्यानंतर अधिक टिकाऊ वंगणाचा मुबलक स्रोत उपलब्ध झाला. त्याआधीच, १८३९ मध्ये, आयझॅक बॅबिट यांनी कथील, अँटिमनी आणि तांबे यांच्या मिश्रधातूचे बेअरिंग-अस्तर पुढे आणले होते. हे अस्तर दांड्यापेक्षा मऊ असते. त्यात तेलातले कठीण कण रुतून बसतात, आणि झीज व्हायचीच असेल तर ती महागड्या दांड्याऐवजी बदलता येणाऱ्या अस्तराची होते.

निर्णायक वळण मात्र १८८३ मध्ये आले. ब्रिटनमधील यांत्रिकी अभियंत्यांच्या संस्थेसाठी ब्यूशँप टॉवर रेल्वेच्या आसांच्या बेअरिंगवर प्रयोग करत होते. दांड्याचा खालचा भाग तेलात बुडालेला होता आणि वर अर्धगोल बेअरिंग बसवलेले होते. वरून तेल सोडता यावे म्हणून टॉवर यांनी बेअरिंगच्या माथ्यावर भोक पाडले, तेव्हा तेल आत जाण्याऐवजी त्या भोकातूनच बाहेर येऊ लागले. त्यांनी बूच लावले, मग लाकडी खुंटी ठोकली, पण तेलाने तीही बाहेर ढकलली. शेवटी त्यांनी तिथे दाबमापक जोडला. बेअरिंगवरचा सरासरी भार दर चौरस इंचाला सुमारे १०० पौंड असताना मापकाचा काटा २०० पौंडांच्या पलीकडे गेला. याचा अर्थ असा की दांडा फिरता फिरता तेल स्वतःच आत ओढून घेत होता, आणि सारा भार धातूवर नव्हे तर दाबाखालच्या तेलाच्या थरावर तरंगत होता. त्याच वर्षी रशियात निकोलाय पेत्रोव्ह यांनी बेअरिंगमधले घर्षण तेलाच्या श्यानतेवर, म्हणजे त्याच्या दाटपणावर, अवलंबून असते हे मांडले. ऑस्बोर्न रेनॉल्ड्स यांनी १८८६ मध्ये या थराचे गणित सोडवले: तेल रुंद बाजूकडून अरुंद बाजूकडे ओढले गेले की पाचरीच्या आकाराच्या त्या जागेत दाब निर्माण होतो.

या गणिताचा सर्वांत देखणा उपयोग मला जोर-बेअरिंगमध्ये, म्हणजे दांड्याच्या लांबीच्या दिशेने येणारा भार पेलणाऱ्या बेअरिंगमध्ये, दिसतो. ऑस्ट्रेलियातील ए. जी. एम. मिशेल आणि अमेरिकेतील आल्बर्ट किंग्सबरी यांनी स्वतंत्रपणे किंचित कलू शकणारे छोटे ठोकळे वापरले. तेलाची पाचर आपोआप तयार व्हावी, हा त्यामागचा उद्देश होता. असे बेअरिंग १९१२ मध्ये सस्क्वेहाना नदीवरील होल्टवूड जलविद्युत केंद्रात बसले आणि अनेक दशके नगण्य झिजेने चालले.

छऱ्र्यांच्या बेअरिंगची वाट निराळी. फिलिप वॉन यांनी १७९४ मध्ये वेल्समध्ये गाडीच्या आसासाठी त्याचे पेटंट घेतले, परंतु एकसारख्या आकाराचे गोल छर्रे घडवणे सोपे नव्हते. ही अडचण १८८३ मध्ये जर्मनीतील श्वाइनफुर्ट येथे फ्रीड्रिश फिशर यांच्या गोळ्या घासण्याच्या यंत्राने सोडवली. स्वीडनमधील स्वेन विंगक्विस्ट यांनी १९०७ मध्ये दांडा थोडा वाकडा झाला तरी स्वतःला जुळवून घेणारे बेअरिंग बनवले. छर्रा आणि तो ज्यावरून फिरतो ती कडी यांच्यामधला स्पर्श इतका लहान असतो की तिथे तेलाचा थर टिकतो कसा, हे कोडे विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत सुटले नव्हते. अतिदाबाखाली तेलाची श्यानता प्रचंड वाढते आणि पोलादही क्षणभर लवचिकपणे दबते, त्यामुळे मायक्रॉनपेक्षाही, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागापेक्षाही, पातळ थर तग धरतो, असे पुढे स्पष्ट झाले. लिथियम ग्रीस आणि झीजरोधक रसायने याच काळात रूढ झाली.

मार्च १९६६ मध्ये ब्रिटिश सरकारने नेमलेल्या समितीचा पीटर जोस्ट यांच्या अध्यक्षतेखालील अहवाल प्रसिद्ध झाला आणि घर्षण, झीज व वंगण यांच्या अभ्यासासाठी ‘ट्रायबॉलॉजी’ ही संज्ञा रूढ झाली. वंगण व रचना सुधारल्यास वर्षाला ५१ कोटी ५० लाख पौंड वाचतील, असा त्याचा अंदाज होता. त्यांपैकी २३ कोटी देखभाल व सुटे भाग बदलण्यावरचे होते, तर ऊर्जेची बचत फक्त २ कोटी ८० लाखांची. २०१७ मध्ये होल्मबर्ग आणि एर्देमिर यांनी जगाच्या ऊर्जावापराचा हिशेब मांडला, तेव्हा चित्र वेगळे दिसले: सुमारे २३ टक्के ऊर्जा घर्षण व झिजेपायी जाते, त्यातले २० टक्के घर्षणावर मात करण्यासाठी आणि ३ टक्के झिजलेले भाग पुन्हा घडवण्यासाठी.