'कम्प्लीटली व्हल्गर' वेगळी, 'टोटली व्हल्गर' वेगळी

फिनलंडच्या ॲबहॉरन्स या डेथ मेटल बँडचा विषय निघाला की या दोन रेकॉर्ड्सची सरमिसळ ठरलेली. दोन्ही स्वार्ट रेकॉर्ड्स या लेबलने काढलेल्या, नावांचा अर्थ जवळपास एकच, गाणीही बरीचशी तीच. मग दुसरी म्हणजे पहिलीचीच 'सुधारित आवृत्ती', म्हणजे रीमास्टर, असं कुणीतरी लिहितो आणि बाकीचे तेच पुढे ढकलतात. हे साफ चूक आहे.

अमॉर्फिस हा फिनलंडचाच मेटल बँड ऐकणाऱ्यांना पूर्वपीठिका ठाऊक असते: टोमी कोइवुसारी आधी ॲबहॉरन्सचा गिटारवादक होता, १९९० मध्ये बँड थांबला आणि तो अमॉर्फिसमध्ये रमला. त्यावर वेळ घालवत नाही.

'कम्प्लीटली व्हल्गर' हे २०१२ चं संकलन. त्याचा गाभा म्हणजे १९९० चा 'व्हल्गर नेक्रोलॅट्री' हा डेमो (बँडने स्वतः काढलेलं नमुना रेकॉर्डिंग) आणि त्याच वर्षी सेराफिक डीके या अमेरिकी लेबलने काढलेली सात इंची ईपी, म्हणजे मोजक्या गाण्यांची छोटी रेकॉर्ड. 'टोटली व्हल्गर' २०१७ ची. हेलसिंकीच्या तुस्का महोत्सवात २०१३ साली बँडने पुन्हा एकत्र येऊन जो कार्यक्रम केला, त्याचं हे थेट रेकॉर्डिंग. मुखपृष्ठावर 'लाइव्ह ॲट तुस्का २०१३' असं उपशीर्षकच आहे, पण फाइलींच्या नावांतून नेमकं तेच गळतं आणि गोंधळाला तोंड फुटतं.

गाडी अडते ती रीमास्टर आणि नव्याने वाजवणं यांतल्या फरकापाशी. रीमास्टरमध्ये वादन जुनंच राहतं. टेपवरची खरखर कमी करता येते, खर्ज उचलता येतो, एकूण आवाज वाढवता येतो. ड्रमचा ठोका उशिरा पडला असेल तर तो तसाच उशिरा ऐकू येतो, कारण त्या दिवशी हात तसाच पडला होता. थेट कार्यक्रमात मात्र तेच गाणं २३ वर्षांनी पुन्हा वाजवलं जातं: हात थोराड झालेले, वाद्यं आणि माइक वेगळे, समोर गर्दी. यातलं काहीही मास्टरिंगच्या टेबलावर तयार होत नाही.

शंका असेल तर कानांनी तपासा. दोन्हींतलं एकच गाणं घ्या आणि पहिला ड्रमचा ठोका जुळवून एकत्र चालवा. दोन फाइली एकाच टेपच्या असतील तर त्या शेवटपर्यंत सोबत जातात, किंवा एकाच दराने हळूहळू सुटत जातात. असं सुटणं टेपच्या गतीमुळे होतं: टेप ६ टक्के जलद फिरली तर सूर साधारण अर्धा स्वर चढतो आणि ३ मिनिटांचं गाणं सुमारे १० सेकंदांनी आखूड होतं. वादनच वेगळं असेल तर अंतर कधी वाढतं, कधी घटतं, कडव्यागणिक बदलतं. नुसती लांबी बघून निकाल देऊ नका. थेट रेकॉर्डिंगमध्ये गाण्याच्या शेवटी टाळ्या आणि बोलणं धरलेलं असतं, त्यामुळे सेकंदांचा हिशोब फसवतो.

दुसरी खटकणारी गोष्ट म्हणजे संकलनाला 'बँडचा पहिला अल्बम' म्हणणं. १९९० मध्ये या बँडने पूर्ण लांबीचा अल्बम केलाच नाही. डेमो आणि ईपी ही दोन स्वतंत्र कामं आहेत. ती सलग ऐकताना मध्ये आवाजाचा पोत बदलतो, तो दोष नाही, ती सांध्याची खूण आहे. म्हणून आपल्या संग्रहात रेकॉर्डिंगचं वर्ष १९९० आणि प्रकाशनाचं वर्ष २०१२ असं वेगवेगळं नोंदवा. फक्त २०१२ लिहिलंत तर ही गाणी जुन्या आवाजाची नक्कल करणाऱ्या एखाद्या नव्या बँडच्या शेजारी जाऊन बसतात, आणि हा अन्याय आहे.

ब्राझीलमध्येही याच नावाचा डेथ मेटल बँड आहे. त्याची गाणी तुमच्या संग्रहात फिनलंडच्या ॲबहॉरन्सच्या नावाखाली दिसली तर काढून टाका.

एकच घ्यायची असेल तर संकलन घ्या, त्यात चर्चेला जागा नाही. थेट रेकॉर्डिंगची मजा मूळ गाणी पाठ झाल्यावरच कळते. आणि 'व्हल्गर नेक्रोलॅट्री' हे गाणं तुम्ही अमॉर्फिसच्या 'प्रिव्हिलेज ऑफ ईव्हिल' या ईपीवर ऐकलं असेल तर ते या दोन्हींपैकी कुठलंच नाही. ते अमॉर्फिसने १९९१ मध्ये रेकॉर्ड केलेलं तिसरं वादन, बाजारात आलं १९९३ मध्ये.