लोगोला उठाव देणारा उजेड

गणपती जवळ आले की मराठवाड्यातल्या फ्लेक्सच्या दुकानांत एक मागणी हमखास कानावर येते, "भाऊ, मंडळाचा लोगो थ्रीडी करून द्या बरं!" ऑपरेटर फोटोशॉपमध्ये 'बेव्हल अँड एम्बॉस' या उठाव देणाऱ्या इफेक्टला टिक करतो, दोन स्लायडर सरकवतो आणि अक्षरं फुगून वर येतात. गिऱ्हाईक खूश. पण तिसरी मिती त्यात कुठंच नसते. असतो तो निव्वळ उजेडाचा हिशेब, आणि तो फार देखणा आहे.

सॉफ्टवेअर आधी अक्षराची कड शोधतं. मग आतल्या प्रत्येक पिक्सेलपासून, म्हणजे चित्राच्या बारीक ठिपक्यापासून, सगळ्यात जवळची कड किती लांब आहे ते मोजतं. अंतर जास्त, तर उंची जास्त. खळ्यावर ज्वारीची रास कडेपासून मध्याकडे एकाच उतारानं चढत जाते, तसंच हे. 'साइज'च्या स्लायडरमध्ये दिलेलं अंतर संपलं की चढ थांबतो आणि वर सपाट माथा उरतो. कड कशी हवी त्याचे पर्यायही असतात: 'चिझल हार्ड'मध्ये हे अंतर काटेकोर मोजतात. 'स्मूद'मध्ये कड जराशी धूसर करून घेतात, म्हणून धार मऊ दिसते.

आता दिवा लावायचा. योहान लॅम्बर्टनं 1760 मध्ये मांडलेला नियम इथं कामी येतो: पृष्ठभागावर लंब उभा करा, लंब आणि प्रकाशाची दिशा यांतल्या कोनाची कोसाइन (कोन शून्य असताना 1, काटकोनाला 0) जेवढी, तेवढा उजेड. फोटोशॉपच्या जुन्या आवृत्त्यांत दिवा मुळातच वर डावीकडे, 120 अंशांवर असायचा आणि त्याची उंची सपाटीपासून 30 अंश. माथ्याचा लंब सरळ वर, दिव्याशी कोन 60 अंश, म्हणून उजेड 0.50. दिव्याकडे तोंड केलेल्या 45 अंशांच्या उताराच्या लंबाचा दिव्याशी कोन फक्त 15 अंश, उजेड 0.97. पाठमोऱ्या उताराचा कोन 105 अंश. कोसाइन ऋण, म्हणजे उजेड शून्य. माथ्याहून उजळ भागावर 'स्क्रीन' या उजळ करणाऱ्या पद्धतीनं पांढरा चढवायचा, अंधाऱ्या भागावर 'मल्टिप्लाय' या गडद करणाऱ्या पद्धतीनं काळा. झाला बेव्हल!

बाकीचं काम आपला मेंदू करतो. उजेड वरूनच येतो असं तो गृहीत धरतो. म्हणून चंद्रावरच्या विवरांचा फोटो उलटा धरला की खड्ड्यांच्या टेकड्या होतात. अजिंठ्याच्या चित्रकारांना ही नजर पक्की ठाऊक होती. 1 क्रमांकाच्या लेण्यातल्या पद्मपाणीचं नाक पाहा, भिंत सपाट आहे, नाकाला उठाव आलाय तो उजळ रंगामुळं.

याच सवयीनं माणूस फसतोही. 1976 मध्ये व्हायकिंग 1 यानानं मंगळावरच्या एका टेकडीचा फोटो पाठवला. सूर्य कलता होता, सावल्यांमुळं तिथं मानवी चेहरा दिसला आणि त्यावर कितीतरी कहाण्या रचल्या गेल्या. पुढं मार्स ग्लोबल सर्व्हेयर या यानाच्या स्पष्ट फोटोंत नुसती टेकडी निघाली. खडकावर देव प्रकटल्याचे फोटो व्हॉट्सॲपवर येतात, तेव्हा हात जोडण्याआधी उजेड कुठल्या बाजूनं पडलाय ते बघा.

लोगो करणाऱ्यांनी एक मात्र सांभाळावं. सगळ्या भागांना एकाच दिशेचा उजेड देणाऱ्या 'युज ग्लोबल लाइट'ची टिक काढली की नावाला डावीकडून आणि चिन्हाला उजवीकडून उजेड, असं होऊन बसतं. आणि लेअर (चित्राचे थर) सपाट करून, म्हणजे बेव्हल चित्रातच पक्का करून, मग लोगो फिरवला, तर रंगवलेला उजेडही त्याच्याबरोबर फिरतो. अर्धा फेरा दिला की वर आलेली अक्षरं आत खोदल्यासारखी दिसतात. आधी फिरवा, मग बेव्हल द्या.